भूमिआजोबांची सही

थो सिऊकीला कामपो गावातल्या पस्तिशीच्या आतल्या माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. त्यांनी शाळेत असताना ताटात काय टाकलं होतं, ते मात्र पक्कं आठवतं. टपालवाला म्हणजे ढोबळी मिरची. बँकेत लागलेली मुलगी म्हणजे गाजर. आणि गावातून डॉक्टर झालेला एकुलता एक पोरगा, ज्याचं नाव निघालं की त्याच्या आईची मान ताठ होते, तो म्हणजे कारलं. मध्ये एकदा सिऊकी त्याच्याकडे गुडघे दाखवायला गेली, तर खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं, कारलं खातोस का रे आता? डॉक्टरनं खाली बघत हो म्हटलं. तो खोटं बोलत होता हे तिला कळलं, पण बाहेर पेशंट बसले होते म्हणून तिनं सोडून दिलं.

गावच्या प्राथमिक शाळेत ती सव्वीस वर्षं स्वयंपाकीण होती. डोंगराकडच्या चहाच्या गावातून बाविसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे तैवानच्या युनलिन किनाऱ्याला आली. इथला खारा वारा, लसूण आणि भुईमूग यांच्याशी जुळवून घेतलं, मग नवऱ्याशीही जुळवून घेतलं. नवरा आखिम दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा लसणाबद्दल असतात, त्यामुळे ते फार अवघड गेलं नाही. बाकीचं सगळं बोलणं घरात सिऊकीच करते. पुढे पुढे गावातही तीच करायला लागली.

शाळेच्या मधोमध सिमेंटचं मैदान आहे. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, आणि पूर्वेच्या कडेला भूमिआजोबांचं देऊळ. गावाची जमीन सांभाळणारा हा म्हातारा देव. देऊळ एवढंसं आहे की आत उभं राहायचं तर वाकावं लागतं. खेळताना चेंडू देवळाच्या भिंतीवर आदळला की पोरं थांबतात, हात जोडून वाकतात, आजोबा चुकलं म्हणतात आणि पुन्हा चेंडू तिकडेच मारतात. हे मैदान पूर्ण उघडं. उन्हाळ्यात सिमेंट इतकं तापायचं की दुपारचा खेळाचा तास वर्गात बसून व्हायचा, आणि पावसात तर व्हायचाच. वर्षातले निम्मे दिवस आमच्या पोरांनी बास्केटबॉल फक्त फळ्यावर पाहिला. सिऊकी स्वयंपाकघराच्या दारातून हे सव्वीस वर्षं बघत होती आणि चडफडत होती.

म्हणून निवृत्त होऊन तीन महिने झाले नाहीत तोच तिनं सरपंचपदाचा अर्ज भरला. समोर कांग होकलाय. लागोपाठ तीन वेळा, म्हणजे बारा वर्षं, सरपंच राहिलेला माणूस, देवळाच्या मंडळाचाही अध्यक्ष. दर निवडणुकीत तो मैदानावर छप्पर घालीन म्हणायचा, आणि निवडून आल्यावर कुणी छपराचा विषय काढला की चहा ओतायला लागायचा. सिऊकीनं नवऱ्याची लसणाची गाडी घेतली, तिच्यावर कर्णा बांधला आणि चाळीस दिवस गावभर फिरली. तिचं भाषण एकच होतं. बारा वर्षांत होकलायभाऊंनी मैदानावर साधी छत्री उघडली नाही, छपरासाठी कुणाच्या दारात जाऊन विचारलंसुद्धा नाही, खुर्ची तेवढी गरम केली. लोक पोट धरून हसले. होकलायची बायको तेवढे दिवस बाजाराला शेजारच्या गावी जायची, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सिऊकी अकरा मतांनी निवडून आली.

आता बोलून बसली होती, तर करून दाखवणं भाग होतं. जिल्ह्याची एक योजना होती. दिवसा शाळेला आणि एरवी गावाला वापरता येईल अशा बांधकामाला पूर्ण पैसे मिळायचे. अर्ज बेचाळीस पानांचा. हेडमास्तर यू सर लिहायचे आणि सिऊकी त्यांच्या डोक्यावर उभी राहून सांगायची. म्हाताऱ्यांचं जेवण लिहा, लग्नाच्या पंगती लिहा, मयताला येणारी माणसं उन्हात उभी राहतात तेही लिहा. सर म्हणाले, मयत कशाला. ती म्हणाली, मयत काय गावाबाहेर होतं का.

पाहणीला जिल्ह्याचे साहेब आले ते सप्टेंबरातल्या भर दुपारी दोन वाजता, कारण सिऊकीनं तीच वेळ मागून घेतली होती. साहेब हातातले कागद चाळत होते. तिनं त्यांना गोड बोलून बूट काढायला लावले आणि मैदानाच्या मध्यापर्यंत चालून या म्हणाली. साहेब चार पावलं गेले आणि नाचत परत आले. पुढच्या जुलैत मंजुरीचं पत्र आलं. नव्वद लाख तैवानी डॉलर. खाली बारीक अक्षरात एक अट होती: एकतीस ऑक्टोबरच्या आत कामाचा आदेश निघाला नाही, तर रक्कम जिल्ह्याकडे परत जाईल.

नुसती हौस म्हणून हे छप्पर हवं होतं असंही नाही. शाळेत पोरं उरली होती चौतीस. तालुक्याच्या शाळेला झाकलेलं मैदान होतं, आणि सात घरचे आईबाप पुढच्या वर्षी पोरांना तिकडे घालावं का या विचारात होते. आकडा तिसाच्या खाली गेला की जिल्ह्याची माणसं शाळा बंद करण्याची भाषा सुरू करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सिऊकीनं त्या साती घरी जाऊन सांगितलं होतं, नाव काढू नका, छप्पर येतंय. त्यांनी तिच्या शब्दावर पोरं ठेवली होती. त्यामुळे छप्पर आलं तर शाळा, आणि नाही आलं तर सिऊकीनं त्या घरांपुढे कुठलं तोंड घेऊन जायचं, असा मामला होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शहरातून इंजिनिअर आला, खांबांच्या जागी लाल रंगाच्या फुल्या मारून गेला, आणि तीनच दिवसांत तालुका कार्यालयातून शिया नावाच्या कारकूनबाईंचा फोन आला. मैदानाच्या पूर्वेची पट्टी शाळेच्या नावावर नव्हती. खांबांची एक रांग बरोबर त्या पट्टीवर येत होती. मालकाची संमती लागणार होती.

मालक कोण म्हणून सिऊकीनं विचारलं. शियाबाई म्हणाल्या की उताऱ्यावर मालकाच्या जागी भूमिआजोबांचं नाव आहे.

शंभर वर्षांपूर्वी गावानं ती पट्टी देवाला दिली होती आणि कागदावरही देवाच्याच नावावर चढवली होती. त्या काळी तसं करायचे. संमतीच्या नमुन्यात मालकाचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, फोन आणि शिक्का अशा रिकाम्या जागा होत्या. सिऊकीनं पत्ता भरला, कारण तो तिला ठाऊक होता. जन्मतारीखही भरली, चांद्र पंचांगाचा दुसरा महिना, दुसरा दिवस, कारण त्या दिवशी गाव देवाचा वाढदिवस करतं. शियाबाईंनी तो कागद दोन बोटांनी धरून परत दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवाच्या वतीनं सही करायला एक व्यवस्थापक लागतो. उताऱ्यावरचा व्यवस्थापक सत्तर वर्षांपूर्वी वारला होता. देवळाच्या मंडळानं बैठक घेऊन नवा नेमायचा, ठराव करायचा, की झालं.

देवळाचं मंडळ म्हणजे होकलाय. आणि उताऱ्यावरचा तो वारलेला व्यवस्थापक म्हणजे होकलायचाच आजा.

सिऊकीनं कपाळावर हात मारला. ज्या माणसाला चाळीस दिवस कर्ण्यावरून धुतला, त्याच्याच दारात जाणं आलं. तरी गेली. जाताना भुईमुगाच्या गोड वड्यांचा डबा नेला, कारण रिकाम्या हातानं जाणं बरं दिसलं नसतं. होकलाय अंगणात बायकोबरोबर लावणीचा लसूण फोडत बसला होता. वय बहात्तर, बोटं अजून भराभर चालणारी. तिला वाटलं होतं, हा आता चांगला फिरवून फिरवून बोलेल. त्यानं कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"ठराव मी आजच्या आज करून देतो," तो म्हणाला. "पण सिऊकी, जमीन देवाची आहे. त्याला विचारल्याशिवाय मंडळातलं कुणी हात वर करायचं नाही. कौल लाव. तूच लाव."

यात त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे देवाच्या जागेतलं झाडसुद्धा कौलाशिवाय तोडत नाहीत. पंधरा तारखेला सकाळी गाव देवळापुढे जमलं. सिऊकीनं नकाशा देवापुढच्या टेबलावर पसरला, उदबत्ती लावली, स्वतःचं नाव, पत्ता, जन्मवेळ सांगितली आणि विचारलं, आजोबा, तुमच्या जागेत खांब उभे करून पोरांना छप्पर घालू का? मग लाकडाचे दोन कौल ओंजळीत धरून खाली टाकले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही सपाट आल्या तर देव हसतोय, म्हणजे धड हो नाही की धड नाही नाही, दोन्ही फुगीर आल्या तर नकार. एवढ्या मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात.

दोन्ही फुगीर आल्या.

असं होतं कधी कधी. तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारत नाहीत, दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलून विचारायचं असतं. गावाला वाटलं, देवाला काहीतरी हवं असणार. आणि देवाला काय हवं असेल हे प्रत्येकाला माहीत होतं. सिऊकी सकाळी गावच्या कर्ण्यावरून कौलाची वेळ सांगायची आणि दुपारपर्यंत तिच्या दारात सूचना घेऊन रांग लागायची. नवा जरीचा झगा देऊ म्हणून विचारलं, नकार. तीन दिवस बाहुल्यांचा खेळ लावू म्हणून विचारलं, देव हसला. त्या खेळवाल्यानं हे मनाला लावून घेतलं. दात नसलेल्या म्हाताऱ्या देवाला नैवेद्याच्या भुईमुगाच्या वड्या चावत नसतील, तांदळाच्या पिठाची मऊ मोची द्या, असं डॉक्टर कारल्याची आई म्हणाली. मोची दिली, नकार आला, आणि मोची पोरांनी खाल्ली. छपराचा रंग निळा आहे तो लाल करू म्हटलं, तरी नकार. आखिमनंसुद्धा त्या दिवशीच्या दहा वाक्यांतलं एक खर्चून लसूण वाहून बघ म्हणून सांगितलं.

होकलाय रोज यायचा. देवळाशेजारच्या वडाखाली बाकावर चहाची किटली घेऊन बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. कौल पडला की उठून निघून जायचा. सिऊकीच्या मनात ते सलायला लागलं. हा मनात हसतोय, असं तिनं पक्कं धरलं. चोवीस तारखेला सहाव्यांदा नकार आला, आणि त्याच संध्याकाळी त्या सात घरांपैकी एका घरची सून तालुक्याच्या शाळेचा फॉर्म घेऊन आल्याचं तिच्या कानावर आलं. मग तिला राहवेना. सकाळी ती तरातरा होकलायच्या शेतावर गेली. तो एकटाच लसूण लावत होता.

"झालं ना मनासारखं?" ती बांधावरूनच म्हणाली. "आठवड्यात पैसे परत जातील. मग तुम्ही कर्णा घ्या आणि फिरा गावभर, सिऊकीनंही छत्री उघडली नाही म्हणून."

होकलाय कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"मी नऊ वेळा विचारलंय त्याला," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. आजा व्यवस्थापक होता, म्हणून पट्टी देवाची आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पहिल्यांदा सरपंच झाल्या झाल्या त्यानं जिल्ह्याकडून नकाशा आणला होता, आणि पुढचं काही करायच्या आधी पहाटे एकटा जाऊन देवाला विचारलं होतं. नकार. मग अधूनमधून कधी झगा, कधी खेळ, कधी स्वतःच्या पदरचा सोन्याचा हार बोलून विचारत राहिला. बारा वर्षांत नऊ वेळा. एकदाही होकार नाही.

सिऊकी बांधावर बसली. तिनं विचारलं, मग हे गावाला का नाही सांगितलं, माझं चाळीस दिवस ऐकून का घेतलं.

"काय सांगू? देव पोरांना छप्पर नको म्हणतो, असं सांगू?" होकलाय म्हणाला. "ती पोरं रोज त्याला हात जोडून वर्गात जातात गं. त्यापेक्षा होकलाय थापाड्या आहे म्हणालेलं परवडलं. मी काय, आज आहे उद्या नाही." मग खाली वाकून त्यानं आणखी दोन पाकळ्या मातीत खोचल्या. "तुला हो म्हणेल असं वाटलं होतं. तू सव्वीस वर्षं त्याच्या पोरांना जेवू घातलंस. म्हणून रोज येऊन बसत होतो."

सिऊकी उठली आणि सरळ देवळाकडे गेली.

शनिवार होता, शाळा अर्धा दिवस गावातल्या पोरांना खेळायला उघडी होती. सिऊकी देवापुढे उभी राहिली आणि तिनं मनसोक्त भांडून घेतलं. बारा वर्षं एका भल्या माणसाला खाली मान घालायला लावलीत, हे तुमच्या वयाला शोभतं का, असं ती देवाला म्हणाली. पोरं तुमची, जमीन तुमची, पैसा सरकारचा, मग तुमचं दुखतंय तरी कुठे? बोलता बोलता तिच्या डाव्या पायात गोळा आला. डॉक्टर कारल्यानं उभं राहू नका म्हणून बजावलं होतं ते तिला आता आठवलं. धरायला काही नव्हतं. ती मागे वळली आणि पाय पसरून देवाच्या उंबऱ्यावरच बसली, देवाकडे पाठ करून.

असं आमच्याकडे कुणी करत नाही. देवळात जाताना तोंड देवाकडे, निघतानाही चार पावलं मागे मागे सरकत निघायचं आणि मग बाजूला वळायचं. दारात बसून देवाला पाठ दाखवायची कुणाची छाती नाही. त्यामुळे देवाच्या दारातून समोर काय दिसतं, हे शंभर वर्षांत गावातल्या कुणीही बघितलेलं नव्हतं.

सिऊकी पोटरी चोळत बसली होती. समोर अख्खं मैदान होतं. पोरं ओरडत होती, एक छोटी मुलगी चेंडू छातीशी धरून पळत सुटली होती आणि बाकीची तिला नियम सांगत मागे पळत होती. दूरवर वर्गांची दारं दिसत होती. इथून सगळं दिसायचं, कोण पडलं, कोण रडलं, कोण ताट न संपवता उठलं, सगळं. आणि तिच्या नाकासमोर, दोन हातांवर, जमिनीवर इंजिनिअरनं मारलेली लाल फुली होती.

ती बघत राहिली. या फुलीवर खांब येणार. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा सिमेंटचा खांब, बरोबर दाराच्या मधोमध. तो उभा राहिला की आत बसलेल्या म्हाताऱ्याला जन्मभर एक खांब दिसणार, पोरं काही दिसणार नाहीत. घराच्या दारापुढे खांब येऊ देत नाहीत हे आमच्याकडे गवंड्याच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आणि इथे देवाच्या तोंडासमोर खांब रोवायला निघालो होतो, वर त्याला झगा देऊ म्हणत होतो.

तिनं उंबऱ्यावर बसूनच इंजिनिअरला फोन लावला. होकलायभाऊंना पहिल्यांदा दिलेला नकाशा आणि हा, यात फरक काय? इंजिनिअर प्रामाणिक होता. म्हणाला, जिल्ह्याचा एकच ठरलेला नकाशा असतो काकू, आम्ही तारीख बदलतो.

पोटरीतला गोळा कुठल्या कुठे गेला. तासाभरात गाव पुन्हा देवळापुढे होतं. लसणाच्या मातीनं भरलेल्या हातांनी होकलायही आला. सिऊकीनं त्याला हात धुवायला लावले आणि दोन्ही कौल त्याच्या ओंजळीत ठेवले. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, भाऊ, प्रश्न तुमचा आहे, तुमच्यानंतर मी आले. विचारा की दारासमोरचा खांब बाजूला घेतला तर चालेल का, पोरं दिसतील.

होकलायनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की पहिल्या रांगेलाही ऐकू आला नाही. कौल पडले. एक सपाट, एक फुगीर. दुसऱ्यांदा टाकले, पुन्हा होकार. तिसऱ्या वेळी एक कौल सपाट पडला आणि दुसरा घरंगळत टेबलाखाली गेला. तो उचलायचा नसतो, आहे तिथेच बघायचा असतो. हेडमास्तर यू सर, खेळवाला आणि डॉक्टर कारल्याची आई असे तिघं गुडघ्यांवर वाकून टेबलाखाली घुसले. आतून तिघांनी एकदम फुगीर फुगीर म्हणून सांगितलं, आणि बाहेर येताना सरांचं डोकं टेबलाला आपटलं.

पुढचं सगळं कागदांचं होतं आणि ते धावतपळत पार पडलं. इंजिनिअर आधी कुरकुरला, मग त्यानं खांबांची सगळी रांग दीड मीटर सरकवून दिली, त्यामुळे देवाचं दार बरोबर दोन खांबांच्या मध्ये आलं. मंडळानं होकलायला व्यवस्थापक नेमलं. संमतीच्या कागदावर मालक भूमिआजोबा आणि त्यांच्या वतीनं कांग होकलाय असा शिक्का बसला, आणि शियाबाईंनी तो कागद या वेळी दोन्ही हातांनी घेतला. आदेश तीस तारखेला निघाला. मार्चमध्ये छप्पर उभं राहिलं, निळंच, आणि त्या सात घरांतलं एकही पोर तालुक्याला गेलं नाही. पण ते सगळं पुढचं. त्याआधी, कौलाच्या दुसऱ्याच सकाळी, सिऊकीला एक काम करायचं होतं.

रात्रभर तिला झोप लागली नव्हती. माफी मागायची तिला सवय नाही. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी त्या माणसाला काहीतरी खायला नेऊन देते आणि विषय संपवते. पण हा विषय वड्यांच्या डब्यात मावणारा नव्हता. साडेसातला तिनं घरातल्या टेबलावरचा माइक सुरू केला. एरवी या वेळी ती कचऱ्याची गाडी आणि म्हाताऱ्यांच्या लसी यांच्याबद्दल सांगते, म्हणून गाव अर्ध्या कानानंच ऐकत होतं.

"मी सरपंच थो सिऊकी बोलतेय," ती म्हणाली. "निवडणुकीत मी चाळीस दिवस सांगत होते की होकलायभाऊंनी छपरासाठी कुणाला विचारलंसुद्धा नाही. ते खोटं होतं. त्यांनी नऊ वेळा विचारलं. ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. आणि नकार आला तर तो स्वतःच्या अंगावर घेतला, देवाच्या नाही आणि पोरांच्या नाही. मला हे माहीत नव्हतं, पण माहीत नसताना मी बोलले, मोठ्यानं बोलले. होकलायभाऊ, माझं चुकलं. छप्पर तुमचंही आहे. झालं, एवढंच."

माइक बंद करून ती दारात आली तेव्हा तिचे कान तापले होते. समोरच्या रस्त्यावर कर्ण्याच्या खांबाखाली होकलाय स्कूटर बंद करून उभा होता. हेल्मेट काढून हातात धरलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता, वर कर्ण्याकडे बघत होता. सिऊकीला काय करावं कळेना. आत येऊन चहा घ्या म्हणावं का, असा ती विचार करत होती, तोच तो दोन पावलं पुढे आला.

"सिऊकी," तो म्हणाला, "घरची खालच्या शेतात गेलीये लसूण लावायला. तिथं आवाज पोचत नाही. आता नाक्यावर येईल ती भाजी घ्यायला." तो पुढे म्हणाला, "त्या चाळीस दिवसांत तिनंही सगळं ऐकलंय गं. पुन्हा एकदा सांगशील का?"

सिऊकी नाक्याकडे बघत उभी राहिली. पाचेक मिनिटांनी होकलायची बायको टोपली घेऊन वळणावर दिसली. तेव्हा ती आत गेली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.